शुक्रवारी दाखल झालेली हरकत

कुवेतमधल्या मराठी माणसांत सदानंद करंबेळकरांना नुसत्या नावाने कुणी ओळखत नाही. 'कागदवाले करंबेळकर' म्हणा, अब्बासियातला मल्याळी किराणावालासुद्धा गिऱ्हाईक सोडून बाहेर येईल आणि त्यांची इमारत दाखवील. जन्मदाखला हरवलाय? करंबेळकर. डिग्रीवर कुठल्या मंत्रालयाचा शिक्का आधी आणि कुठल्याचा नंतर? करंबेळकर. सासूबाईंच्या व्हिसाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय? मग तर करंबेळकरच, आणि सासूबाई खरंच यायला हव्यात का, हा सल्ला वर फुकट. मिरकाबमधल्या एका बांधकाम कंपनीत ते चोवीस वर्षं कागदपत्रं सांभाळतात. कागद नाकाशी धरला की तो खरा की खोटा हे त्यांना कळतं, अशी वदंता आहे. ती त्यांनीच पसरवली आहे.

ही विद्या आली नगरपालिकेतून. कोकणातल्या एका नगरपालिकेत (नाव नको, तिथली माणसं अजून हयात आहेत) ते नऊ वर्षं आवक-जावक कारकून होते. त्यांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट होतं. गावात कुणी मजला चढवायला घेतला, रस्ता रुंद करायचा निघाला, की नोटीस लागायची: हरकती असल्यास अमुक दिवसांत कळवाव्यात. लोक बिचारे कळवायचे. करंबेळकर हरकतीवर गोल शिक्का मारायचे, नंबर घालायचे आणि ती कपाटात ठेवून द्यायचे. संपलं! नऊ वर्षांत ते कपाट भरत गेलं, रिकामं कधी झालं नाही. तळाचा कप्पा एकदाच उघडला, तोही मागच्या गंजलेल्या भोकातून मांजर आत शिरून व्याली आणि पिल्लं ओरडायला लागली म्हणून. ह्या अनुभवातून त्यांनी आयुष्याचं एक सत्य काढलं होतं. हरकतीला उत्तर मिळत नसतं, पण हरकत पडून असेपर्यंत कामही पुढे सरकत नसतं.

दोन हजार एक साली ते कुवेतला निघाले तेव्हा त्यांची मुलगी पूर्वी चार वर्षांची होती. सगळं गाव स्टँडवर पोचवायला आलं. वडील, विष्णू करंबेळकर, जन्मभर खाडीच्या तरीवर, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या होडीवर, तिकिटं फाडत आलेले. ते एवढंच म्हणाले, "तिथे मासे बरे मिळतात ना?" मिळतात म्हटल्यावर, "चल, माझी तरीची वेळ झाली," म्हणून निघून गेले. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. पण बसच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मासे खरोखरच बरे मिळाले. पूर्वी शाळेत जायला लागली तेव्हापासून बापलेकीचा नेम ठरला. शुक्रवारी सुट्टी, सकाळी फहाहीलचा मासळीबाजार. आधी ते तिला खांद्यावर घेऊन जायचे, मग ती बोट धरून चालायला लागली, आणि आता सात वर्षं गाडी तीच चालवते. तिथे झुबैदी म्हणतात त्याला, म्हणजे आपलं पापलेट, ते उलटंपालटं करून बघायचं, भावावरून भांडायचं, येताना चहा प्यायचा. पूर्वी बँकेत नोकरीला लागली, बोलायला लागली की पाचातली चार वाक्यं इंग्रजीत, पण बाजारात मात्र "बाबा, ह्याचे डोळे बघ, मेलेत" हे शुद्ध मालवणी सुरात. आठवड्यातल्या बाकी सहा दिवसांना करंबेळकरांच्या लेखी फारशी किंमत नव्हती.

आणि अशा माणसाला मुलीने मे महिन्यात सांगितलं, की ती थानासिसशी लग्न करणार आहे.

थानासिस फहाहीलकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर, ग्रीसचा. गाव लिथारी. समुद्रकाठ, तीन हजार वस्ती, बापाचा ऑलिव्हचं तेल काढायचा घाणा. लग्न तिथल्याच नगरपालिकेत सप्टेंबरात, आणि मग दोघं तिथेच राहणार. पूर्वी घरून काम करणार, थानासिस घाणा बघणार. करंबेळकरांच्या बायकोने, सुजाताबाईंनी, पाव तासात होकार दिला. "मुलगा काका म्हणतो, ताट स्वतः उचलतो, आणखी काय पाहिजे?" असं त्या म्हणाल्या.

"मला कुणी विचारलंच नाही," करंबेळकर म्हणाले.

"सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं. विचारलं नाही."

"अहो, विचारलं असतं तर तुम्ही काय नाही म्हणाला असतात?"

"ते मला विचारल्यावर बघितलं असतं!"

तोंडाने विरोध करायचं धाडस नव्हतं, म्हणून त्यांनी आपला मार्ग धरला. जावयाचे कागद मागितले. कसला दाखला कमी, कुठला शिक्का पुसट, काहीतरी सापडेलच. थानासिसने फाईल आणून दिली. जन्माची नोंद, कुटुंबाच्या नोंदवहीचा उतारा, अविवाहित असल्याचा दाखला, सगळं भाषांतरासकट, शिक्क्यांसकट, तारखेच्या क्रमाने लावलेलं. करंबेळकरांनी फाईल तीनदा चाळली. एक त्रुटी नाही! चोवीस वर्षांत इतकी चोख फाईल त्यांनी पाहिली नव्हती, आणि बघा नशीब, ती नेमकी ह्याची निघावी. प्रत्येक कागदाखाली एकच सही होती, ठसठशीत. लिथारी नगरपालिकेच्या कारकून फोतिनीबाईंची.

"काका, आता एकच फॉर्मॅलिटी राहिली," थानासिस म्हणाला. "आमच्या गावात वर्तमानपत्र नाही. म्हणून लग्नाची नोटीस नगरपालिकेच्या फळ्यावर लागते. कुणाची हरकत असेल तर आठ दिवसांत कळवायची. पण कोण कळवतोय! शेवटची हरकत माझ्या जन्माआधी आली होती. नवऱ्यामुलाची पहिली बायकोच येऊन उभी राहिली."

सगळे हसले. करंबेळकर हसले नाहीत. 'हरकत' हा शब्द कानावर पडताच त्यांच्या डोळ्यासमोर ते लोखंडी कपाट आलं होतं.

आता हिशोब साधा होता. हरकत टाकायची, कुठल्याही नगरपालिकेत होतं तेच तिथे होणार. शिक्का, नंबर, कपाट. वर्षभर फाईल हलत नाही. तेवढ्यात कोण जाणे, पोरीचं मन बदलेल, घाणा मोडेल, काहीही होईल. आणि कोणी टाकली हे कळायचं कारणच नाही, कारण कपाट कोण उघडतोय?

फळ्यावर नोटीस लागल्यावर, जुलैच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातले सगळे गेल्यावर ते कामाला लागले. लिथारी नगरपालिकेच्या वेबसाइटवर हरकतीचा अर्ज होता, इंग्रजीतसुद्धा. करंबेळकरांनी 'महोदय, वरील विषयान्वये' थाटात इंग्रजीत दोन पानी मसुदा आधीच तयार ठेवला होता. पण कारणाचा चौकोन होता जेमतेम तीन ओळींचा, तो दोन पानं घेईना. त्यांनी कापलं. तरी घेईना. आणखी कापलं. शेवटी वैतागून सगळं पुसलं आणि मनात होतं ते एका दमात लिहून टाकलं: 'मुलगी एकुलती एक. गाव लांब. शुक्रवारी मासे आणायला बरोबर कोणी नाही.' नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहायलाच लागलं. रकाना रिकामा सोडणं त्यांच्या रक्तात नाही.

पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, घाबरायचं काय त्यात? उद्या शुक्रवार, परवा शनिवार. दोन दिवस कुत्रं बघणार नाही. रविवारी सकाळपर्यंत मन बदललं तर कुणी उघडायच्या आत परत घेता येईल. आणि दाबलं बटण!

देवा रे! जगभरच्या शिक्क्यांचा क्रम तोंडपाठ असलेला हा माणूस. पण चोवीस वर्षं शुक्रवारी सुट्टी भोगून त्याच्या डोक्यातून हे साफ गेलं होतं, की बाकीच्या दुनियेत शुक्रवारी लोक कामावर जातात.

शुक्रवारी सकाळी नेमाप्रमाणे फहाहील. पण ह्या वेळी गाडीत थानासिसही होता. करंबेळकरांचं डोकं सणकलं. बाजारात त्यांनी एक झुबैदी उचललं, चांगलं हातभर, भाव करायला तोंड उघडणार तोच थानासिसने हळूच त्यांचा हात धरला. माशाचा कल्ला वर करून दाखवला. आत फिकट, तपकिरी. "काका, हा परवाचा आहे. आमच्या गावात असा विकला तर माझी आजी विक्रेत्याच्या मागे चप्पल घेऊन धावते." मग त्याने शेजारच्या ढिगात हात घातला, एकेक मासा वाकवून बघितला आणि दोन काढून दिले. लालभडक कल्ले, काठीसारखे ताठ. विक्रेत्याने कपाळाला हात लावला. करंबेळकरांनी ते मासे हातात घेतले आणि पोराकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

चहा पिताना थानासिस म्हणाला, "काका, लिथारीत धक्क्यावर सकाळी सहाला होड्या लागतात. तुम्ही आलात की रोज जायचं. फक्त शुक्रवारीच कशाला?" पूर्वी बापाकडे बघत होती, काहीतरी ऐकायची वाट बघावी तशी. करंबेळकरांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "चहात साखर कमी आहे." पण मनात त्यांनी ठरवलं होतं. रविवारी सकाळी पहिलं काम, हरकत मागे. नशीब, अजून कुणी उघडलेली नाही.

उघडलेली नाही? अहो, त्याच वेळी, म्हणजे अगदी त्याच मिनिटाला, कारण उन्हाळ्यात तिथलं आणि इथलं घड्याळ एकच असतं, लिथारीत फोतिनीबाईंनी हरकत उघडली, शिक्का मारला, नंबर घातला, स्वतःच्या हाताने तिचं ग्रीक भाषांतर केलं, आणि लग्नाच्या नोटिशीशेजारी दोन टाचण्यांनी फळ्यावर लावली. तिथला नियमच तसा. हरकत चोरून घ्यायची नाही, सगळ्यांना वाचता आली पाहिजे. आणि फळा कुठे? चर्चच्या समोर. आणि रविवारी काय असतं? रविवारी प्रार्थना सुटली की सगळं गाव त्या फळ्यावरून घरी जातं.

इकडे रविवारी करंबेळकर सातलाच ऑफिसात. हरकत मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. मग फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. दहा वेळा लावला. शेजारच्या टेबलावरचा उस्मान, कासरगोडचा, वीस वर्षांचा सोबती, शेवटी न राहवून म्हणाला, "सदाभाई, किसको लगा रहे हो?"

"ग्रीस. नगरपालिका."

"आज? आज तो संडे है!"

"संडेच तर..." आणि करंबेळकर खुर्चीत बसले ते बसलेच. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्या दिवशी त्यांना कळलं. शुक्रवार. शुक्रवारी उघडं होतं!

दुपारी चारला घरी पोचले तर दारातच पूर्वी. बँकेतून लवकर निघून आलेली. हातात फोन, फोनवर फळ्याचा फोटो, थानासिसच्या आईने पाठवलेला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"बाबा, डिड यू डू धिस?"

"मी परत घेतलीय सकाळी..."

"यू कुड हॅव टोल्ड मी. मला सांगायचं ना, बाबा. नगरपालिकेला कशाला सांगितलंस?" डोळे भरून आले होते तिचे. "थानासिसची आजी चर्चबाहेर रडत बसलीय. हरकतीचं उत्तर मी लेखी दिल्याशिवाय तारीख मिळणार नाही. आणि मी काय लिहू? सांग ना, काय लिहू मी?" ती आत गेली आणि दार लावून घेतलं. सुजाताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी बूट न काढताच अर्धा तास सोफ्यावर काढला.

सोमवारी आठला फोतिनीबाईंनी फोन उचलला. इंग्रजी जड, पण स्वच्छ. आठ वर्षं ऑस्ट्रेलियात काढलेली बाई.

"मिस्टर करंबेळकर. हरकत क्रमांक दोनशे चौदा."

"मॅडम, ती मला मागे घ्यायचीय. पत्र पाठवलंय."

"ईमेलने हरकत येऊ शकते, मागे जाऊ शकत नाही. सहीचा मूळ कागद, कुरियरने. आणि मुलीचं उत्तर. दोन्ही मिळून फाईल बंद."

"तारीख तर हातची जाईल! काही मार्ग?"

"उद्या फोन करा."

उद्या फोन करा! करंबेळकरांना घाम फुटला. नऊ वर्षं हे वाक्य त्यांनी दिवसातून चाळीस वेळा उच्चारलं होतं, आणि कुवेतच्या सगळ्या खिडक्यांवर त्याचंच भाऊबंद 'बुक्रा', म्हणजे 'उद्या', ऐकून घेतलं होतं. पण बाई, चेष्टा नाही ही, माझी पोर माझ्याशी बोलत नाहीये! असं ते मनात म्हणाले. फोनवर मात्र म्हणाले, "मॅडम, तुम्ही ते कपाटात का नाही ठेवलं?"

"कुठल्या कपाटात?" फोतिनीबाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मंगळवारी कुरियर गेलं. पूर्वी घरात वावरत होती, जेवत होती, पण बापाशी शब्द नाही. उत्तराचा कोरा कागद तिच्या टेबलावर पडून होता. करंबेळकर दाराशी जायचे, पंखा चालू आहे का बघून परत यायचे. चोवीस वर्षांत हजारोंचे कागद पुढे सरकवले त्यांनी, आणि घरातला एक कागद हलत नव्हता. आपणच अडकवलेला.

बुधवारी दुपारी ऑफिसात फोतिनीबाईंची ईमेल आली. वर एक ओळ: 'फाईल पूर्ण करण्यासाठी फळ्यावरच्या कागदाची आजची प्रत सोबत जोडत आहे. हरकतदाराने पाहून ठेवावी.' खाली हरकत क्रमांक दोनशे चौदाचा स्कॅन. त्यांच्या तीन ओळी इंग्रजीत, खाली फोतिनीबाईंचं भाषांतर. आणि त्याखाली बॉलपेनने, निळ्या, काळ्या, एक तर हिरव्या शाईत, कसल्यातरी नोंदी. पार तळापर्यंत. समासातसुद्धा.

"ये क्या है? गालियाँ?" उस्मान डोकावून म्हणाला.

करंबेळकरांनाही तेच वाटलं. पण दुसऱ्या पानावर फोतिनीबाईंनी सगळ्याचं इंग्रजी करून दिलं होतं. रविवारपासून गावातली माणसं येऊन आपणहून लिहून गेली होती. यानिस, होडीवाला. मुलगी मेलबर्नला, एकोणीस वर्षं. स्टेलिओस, न्हावी. दोन्ही मुलगे श्टुटगार्टला. विधवा मारिया. मुलगी टोरांटोला, नातवंडं फोनवर. गावचा पाद्रीसुद्धा. बहीण जोहान्सबर्गला. अशा तेवीस सह्या. प्रत्येकाने पुढे लिहिलं होतं, 'हरकतीशी सहमत'. आणि सर्वांत शेवटी, हिरव्या शाईत, थानासिसचा बाप: 'मुलगा कुवेतला, सहा वर्षं.'

त्याखाली फोतिनीबाईंचा कार्यालयीन शेरा होता: 'हरकत खरी आहे, पण ग्राह्य धरता येत नाही. हे कारण ग्राह्य धरलं असतं, तर ह्या गावात गेली साठ वर्षं एकही लग्न लागलं नसतं.'

करंबेळकर बराच वेळ ते वाचत बसले. उस्मान दोनदा काहीतरी बोलला ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी दोन्ही पानं छापली आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

पूर्वी संध्याकाळी आली तेव्हा ते तिच्याच टेबलाशी बसले होते. कागद पुढ्यात, हातात पेन. तिने खांद्यावरून वाचलं. मेलबर्न, श्टुटगार्ट, टोरांटो, बोट फिरवत शेवटपर्यंत. थानासिसच्या बापाच्या ओळीपाशी ती थांबली. त्याच्याही खाली, जिथे कशीबशी एका ओळीची जागा उरली होती, तिथे बाबांनी आपल्या वळणदार देवनागरीत नुकतीच एक नोंद केली होती. शाई वाळली नव्हती.

'विष्णू करंबेळकर, तरीवाले. मुलगा कुवेतला, चोवीस वर्षं.'

"आजोबा?" पूर्वी म्हणाली. "पण आजोबांनी तर कधीच काही म्हटलं नव्हतं ना?"

"नाही," करंबेळकर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तो उगाचच पुसला. "मासे बरे मिळतात का, एवढंच विचारलं. मला वाटलं, खरंच माशांचंच विचारतायत."

पूर्वीने खुर्ची ओढली, बापाच्या हातातलं पेन घेतलं आणि तीन दिवस पडून असलेला कोरा कागद पुढे केला. देवनागरीत लिहायची तिला सवय नव्हती. एकेक अक्षर काढायला वेळ लागत होता.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "धक्क्यावर होड्या सहाला लागतात. तू किती दिवस येशील ते सांग. उत्तरात लिहायचंय."